जीपच्या सायलेन्सरची गळती: नेमकी जागा शोधणे आणि फ्लेक्सिबल बदलणे

गोव्यात कुळ्याहून दूधसागरकडे जाणाऱ्या, चोर्ला घाट चढणाऱ्या किंवा सांग्याच्या खाणपट्ट्यातल्या लाल रस्त्यांवर धावणाऱ्या जीपचा आवाज फाटला की बहुतेक जण सरळ सायलेन्सरचा मागचा डबा बदलून घेतात. आवाज मागून येतोय असे वाटते म्हणून. नवा डबा लागतो आणि आवाज तसाच राहतो, कारण गळती पुढे असते: मॅनिफोल्डच्या (इंजिनमधून धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या नळ्यांच्या) पॅकिंगला, पुढच्या पाइपच्या फ्लँजला (बोल्टांनी जोडायच्या चकतीला) किंवा त्या पाइपातल्या फ्लेक्सिबलला, म्हणजे वाकणाऱ्या जाळीदार तुकड्याला. म्हणून पाना हातात घेण्याआधी गळतीची जागा पक्की करा. ती सापडली की अर्धे काम झाले.

हे सगळे जुन्या गाड्यांसाठी आहे: महिंद्राची एमएम ५४०, मेजर, २०२० पूर्वीची थार (साध्या डिझेल पंपाची डीआय आणि इलेक्ट्रॉनिक कॉमन-रेलची सीआरडीई दोन्ही), मारुतीची जिप्सी. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर, दाब मोजणाऱ्या नळ्या आणि तापमानाचे सेन्सर असतात. तिथे स्कॅनर हाताशी नसताना काही खोलू नका.

दुरुस्ती पुढे ढकलू नका, विशेषतः कापडी टपाच्या जीपमध्ये. गाडी धावताना मागच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि मागचा पडदा उघडा असला की धूर आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागे बसलेल्यांचे डोके जड होणे, मळमळणे हे घाटाच्या वळणांमुळेच होते असे धरून चालू नका.

गळती कुठे आहे

काम सकाळी, इंजिन रात्रभर थंड असताना करा. याला कारण आहे. मॅनिफोल्डच्या पॅकिंगची किंवा बारीक तड्याची गळती थंडपणी स्पष्ट ऐकू येते; लोखंड तापून फुगले की फट मिटते आणि आवाज जातो. दुपारी गॅरेजमध्ये नेलेली गाडी म्हणूनच ‘काही नाही हो’ म्हणून परत येते.

आवाजावरून पहिला अंदाज येतो. थंड इंजिनला बॉनेटखालून टिक-टिक, आणि ती इंजिनच्या वेगाबरोबर वाढते: मॅनिफोल्डचे पॅकिंग किंवा तुटलेला स्टड. पायाखालून फट-फट: पुढचा फ्लँज किंवा फ्लेक्सिबल. मागून घोगरा, भरदार आवाज: डब्याला भोक. ठराविक वेगावरच खडखड: उष्णता अडवणारा पत्रा सैल, किंवा डब्यातली आतली पट्टी सुटलेली. डब्यावर रबरी हातोडीने ठोका; आत काही खुळखुळले तर तो डबा दुरुस्त होत नाही.

सीआरडीई थारमध्ये एक फसगत नेहमी होते. जोर देताना शिट्टीसारखा आवाज आणि काळा धूर आला की लोक सायलेन्सर शोधत बसतात, पण बऱ्याचदा फाटलेली असते टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा पंखा) आणि इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) यांमधली रबरी होज. तिच्या सांध्यांवर तेलाचा ओलावा दिसतो. सायलेन्सरच्या गळतीवर कोरडी काजळी दिसते. गळती टर्बोच्या आधी असेल तर गाडीचा दम जातो, टर्बोच्या नंतर असेल तर फक्त आवाज आणि वास येतो. हा फरक लक्षात ठेवला तर शोधण्याची जागा निम्मी होते.

एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) जिप्सीत ऑक्सिजन सेन्सर असेल आणि त्याच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी वाटते, ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) पेट्रोल वाढवतो, मायलेज पडते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. अशा वेळी सेन्सर बदलण्याआधी फ्लँज तपासा.

आता प्रत्यक्ष तपासणी. बंद, थंड गाडीखाली टॉर्च घेऊन जा आणि मॅनिफोल्डपासून मागच्या तोंडापर्यंत प्रत्येक सांधा पाहा. काळा पट्टा, राखाडी डाग, धुळीत वाऱ्याने झाडल्यासारखी स्वच्छ जागा, ही गळतीची खूण. लाल माती बसलेली असेल तर आदल्या दिवशी खालून धुऊन घ्या. चिखलाच्या थराखाली काहीच दिसत नाही. मग गाडी सुरू करून मीटरभर रबरी नळीचे एक टोक कानाला लावा आणि दुसरे सांध्यांजवळून फिरवा. नळी पाइपला टेकवू नका आणि पंख्या-बेल्टपासून लांब ठेवा.

एवढ्यावर कळले नाही तर मदतनीसाला जाड ओले फडके घेऊन, जाड हातमोजे घालून, मागचे तोंड दोन-तीन सेकंद दाबून धरायला सांगा. इंजिन फक्त आयडलवर. दाब वाढला की गळकी जागा फुसफुसते. इंजिन दबून बंद पडायला आले आणि कुठूनच आवाज नाही, तर सायलेन्सर ठीक आहे. शोध दुसरीकडे घ्या.

सर्वांत खात्रीची पद्धत मात्र इंजिन बंद ठेवून करायची. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी बाजू मागच्या तोंडाला फडक्याने घट्ट बसवा, यंत्र चालू करा आणि भांडी घासायच्या साबणाचे पाणी प्रत्येक सांध्यावर फवारा. जिथे बुडबुडे, तिथे गळती. फ्लेक्सिबलच्या जाळीतून सर्वत्र फेस आला तर आतला बेलो (धातूची घडीदार नळी) फाटला आहे. बाहेरून जाळी धड दिसली तरी.

फ्लेक्सिबल कशामुळे फाटला

हा प्रश्न टाळून नवा फ्लेक्सिबल लावला तर तोही लवकरच जातो. फ्लेक्सिबल वाकणे आणि थोडे लांब-आखूड होणे सोसतो. पीळ सोसत नाही आणि वजनही पेलत नाही. म्हणून दोन गोष्टी पाहायच्या.

पहिली, इंजिन माउंट. बॉनेट उघडा ठेवा, गाडीपुढे-मागे कोणी उभे राहू देऊ नका, हँडब्रेक आणि पायब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडा, मग रिव्हर्समध्ये तसेच करा. इंजिन थोडे कलते ते ठीक. धक्का मारून उचलले जात असेल तर माउंटचे रबर सुटले आहे. आधी तो बदला.

दुसरी, डबा टांगून धरणारे हँगर रबर. डब्याचे एखादे रबर तुटले की सगळे वजन फ्लेक्सिबलवर लोंबकळते आणि प्रत्येक खड्ड्यात त्याला हिसका बसतो. रबरांना चिरा दिसल्या तर सगळी एकदम बदला. ती स्वस्त आहेत, फ्लेक्सिबल नाही.

बाकी नुकसान आपल्याकडचे हवामान करते. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडते. घर ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांत डबा पुरता तापत नाही, ते पाणी आतच साचते आणि डबा आतून कुजतो. त्यासाठीच बऱ्याच डब्यांच्या तळाला बारीक छिद्र असते. ते गळती समजून वेल्डिंगने बुजवू नका. उलट चिखलाने बुजले असेल तर तारेने मोकळे करा. बाहेरून किनाऱ्यालगतची खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस. चिखल जाळीत भरून राहिला की तिथला ओलावा सुकतच नाही, म्हणून पावसाळ्यात जाळी गोड्या पाण्याने धुवा. आणि तापलेली गाडी थेट व्हाळात (ओढ्यात) घालू नका. बिडाचा मॅनिफोल्ड अचानक थंड झाला की तडकतो. काठावर दहा मिनिटे थांबण्याने तो वाचतो.

पार्ट शोधणे

मूळ पार्ट हवा असेल तर आरसी बुकावरचा चॅसी नंबर घेऊन अधिकृत डीलरच्या स्पेअर काउंटरवर जा. ‘थारचा पुढचा पाइप’ एवढ्याने भागत नाही. डीआय आणि सीआरडीईचे पाइप वेगळे, आणि बीएस-३, बीएस-४ नुसार कॅटकॉनची (धूर शुद्ध करणाऱ्या डब्याची) जागाही बदलते. काउंटरवरून पार्ट नंबर लिहून घ्या. नंबर बंद झाला असे उत्तर आले तर त्याच्या जागी कोणता नवा नंबर आला आहे ते विचारा. कंपन्या जुना नंबर रद्द करून तोच पार्ट नव्या नंबराने देतात, आणि हा प्रश्न न विचारल्याने अनेक जण रिकाम्या हाताने परततात.

मूळ पाइप मिळत नसेल, किंवा त्यातला फक्त फ्लेक्सिबल गेला असेल, तर सुटा फ्लेक्सिबल आणून जुन्या पाइपात वेल्ड करून घेणे हा शहाणा मार्ग. म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या स्पेअरच्या दुकानांत आधी विचारा. तिथे नसेल तर बेळगाव, त्यापुढे कोल्हापूर. जुन्या जीपचे मॅनिफोल्ड, फ्लँज असे न झिजणारे सुटे भाग मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या जुन्या बाजारात शोधावेत. पॅकिंग, रबर, फ्लेक्सिबल आणि कॅटकॉन मात्र जुने घेऊ नका. जुना कॅटकॉन आतून वितळलेला, तडकलेला की चांगला हे बाहेरून कळत नाही.

कुठेही जाताना जुना पार्ट सोबत न्या. तो गाडीतच असेल तर ही मापे घ्या: पाइपचा बाहेरचा व्यास, फ्लेक्सिबलच्या जाळीची लांबी, कॉलरसकट (जाळीच्या टोकांवरच्या कड्यांसकट) पूर्ण लांबी, फ्लँजच्या बोल्टच्या भोकांमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत, आणि बोल्टांची संख्या. व्हर्नियर नसेल तर पाइपभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी ३.१४ ने भागा. दोरा १६० मि.मी. भरला तर पाइप ५१ मि.मी., म्हणजे २ इंची. बाजारात १¾ इंच (४४.५ मि.मी.), २ इंच (५०.८), २¼ इंच (५७.२) आणि २½ इंच (६३.५) ही मापे चालतात. फ्लेक्सिबलचे माप आतल्या व्यासाने सांगतात, म्हणजे तुमच्या पाइपचा बाहेरचा व्यास तेवढा हवा. लांबी जुन्यापेक्षा कमी घेऊ नका. आखूड फ्लेक्सिबल इंजिनचे हलणे पेलत नाही.

दोन्ही टोकांना ५० मि.मी.ची सरळ नळी जोडलेला फ्लेक्सिबल मिळाला तर तोच घ्या. वेल्डिंगची उष्णता जाळीपासून लांब राहते. टर्बो डिझेलसाठी आतून इंटरलॉक अस्तर असलेला हवा. बेलोला गरम वायूचा थेट मारा बसत नाही. स्टेनलेस म्हणून देतात तेव्हा लोहचुंबक लावून पाहा. ३०४ जातीच्या स्टेनलेसला चुंबक जवळपास चिकटत नाही, ४०९ ला चिकटतो. मूळ पाइप बहुधा ४०९ किंवा अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे असतात, त्यामुळे ४०९ वाईट नाही. पण ३०४ चे पैसे घेऊन ४०९ देऊ नये. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी जाळी तरी ३०४ ची आहे याची खात्री करावी.

सायलेन्सरवाल्याने जोडतुकडा म्हणून नळाचा जीआय पाइप काढला तर नको म्हणा. त्यावरचे जस्त वेल्डिंगच्या वेळी आणि पुढे तापल्यावर विषारी धूर सोडते. दीड ते दोन मि.मी. जाडीचा साधा काळा पाइप त्याहून चांगला.

कॅटकॉन काढून सरळ पाइप टाकण्याचा सल्लाही जागोजागी मिळतो. कायद्याने ते चालत नाही: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि आवाज व धुराच्या नियमभंगाला कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्ससाठी अपात्रता. शिवाय अभयारण्यातून जाणाऱ्या वाटेवर मोकळा सायलेन्सर घेऊन जाणे हा जंगलातल्या प्राण्यांना त्रास आहे.

जुना पाइप सोडवणे

सामान: सहा कोनांचे सॉकेट आणि रिंग पाने (१२, १३, १४, १७), लांब एक्स्टेन्शन, गंज सोडवणारे तेल, तारेचा ब्रश, टॉर्क पाना, हातोडी, छिन्नी, नवी पॅकिंग, नवे नट-बोल्ट, हँगर रबर, तांब्याची किंवा निकेलची अँटी-सीझ पेस्ट (आटे अडकू न देणारी), चष्मा, जाड हातमोजे.

जीपची उंची अशी की बऱ्याचदा जॅकची गरजच लागत नाही. लागली तर गाडी सपाट काँक्रीटवर घेऊन अॅक्सलखाली किंवा चॅसीखाली लोखंडी घोड्या लावा आणि उरलेल्या चाकांना अडण द्या. चिऱ्यांवर (जांभ्या दगडांवर) गाडी कधीही टेकवू नका. अंगणात चिरे हाताशी असतात आणि वापरलेही जातात, पण चिरा आतून पोकळ-भुसभुशीत असू शकतो आणि पूर्वसूचना न देता फुटतो. खाली माणूस असतो.

आदल्या संध्याकाळी सगळ्या नटांना ब्रश मारून तेल सोडा, झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा, सकाळी पुन्हा. बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे खातो, म्हणून सहा कोनीच वापरा. नट एका दमात सोडवायला जाऊ नका: पाव फेरा सैल, थोडा परत घट्ट, मग आणखी सैल. आट्यांतला गंज असा भुगा होऊन बाहेर येतो. कुरकुर आवाज येऊन नट जड होत गेला तर थांबा आणि पुन्हा तेल घाला. तिथे जोर लावला की स्टड तुटतो.

तरी हलला नाही तर नट गॅसने मंद लाल होईपर्यंत तापवा. त्याआधी तेल पुसून काढा, इंधनाच्या नळ्या आणि ब्रेकचे पाइप ओल्या कापडाने व पत्र्याने झाका, अग्निशामक जवळ ठेवा. जिथे ब्रेक क्लीनर फवारला आहे तिथे ज्योत नेऊ नका. क्लोरीन असलेल्या क्लीनरपासून तापल्यावर जीवघेणा वायू बनतो. फ्लँजचे नट-बोल्ट बाहेरून पूर्ण मोकळे दिसत असतील तर छिन्नीने किंवा ग्राइंडरने कापून काढणे बरे. नवे लागणारच आहेत.

मॅनिफोल्डचा स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) मुळाशी तुटला तर उरलेल्या बुंध्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच आटे सैल होतात. लाली जाऊ द्या, मग हळू फिरवा. तोही उपाय फसला तर मधोमध पंच मारून ३ मि.मी.पासून वाढवत भोक पाडावे लागते. एम८ × १.२५ (८ मि.मी. बोल्ट, १.२५ मि.मी. अंतराचे आटे) साठी शेवटचे ड्रिल ६.८ मि.मी., मग टॅपने आटे पाडायचे. भोक तिरके गेले तर मॅनिफोल्ड वाया जातो, म्हणून हाताला सवय नसेल तर मॅनिफोल्ड काढून लेथवाल्याकडे न्या.

पाइप काढण्यापूर्वी फ्लेक्सिबलच्या दोन्ही बाजूंना पाइपच्या अंगावर एका सरळ रेषेत रंगाने खूण करा. दोन फ्लँज एकमेकांच्या तुलनेत किती फिरलेले आहेत ते याच रेषेवरून कळते. ही रेष नसेल तर पुढे नव्या फ्लेक्सिबलला पीळ बसणार हे ठरलेले.

बसवणे

जुना फ्लेक्सिबल कॉलरच्या बाहेरून करवतीने कापा. नव्याची लांबी जुन्याइतकी नसेल तर फरक पाइपमधून काढा किंवा जोडा. फ्लेक्सिबल ताणून वा दाबून माप जुळवू नका.

आता महत्त्वाची गोष्ट. पाइप आधी गाडीवर बसवून, इंजिन जागच्या जागी स्वस्थ असताना, फ्लेक्सिबलला तीन-चार ठिकाणी फक्त टाके मारायचे. मग पाइप उतरवून बाकड्यावर पूर्ण वेल्डिंग. बाकड्यावरच सगळे केले तर कोन चुकतो, गाडीखालीच सगळे केले तर वरच्या बाजूची शिवण अर्धवट राहते आणि तिथूनच पुन्हा गळते. टाके मारताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. सीआरडीई किंवा एमपीएफआय असेल तर ईसीयूचा प्लगही. वेल्डिंगची अर्थ पकड पाइपलाच, टाक्याच्या शेजारी लावा. ती चॅसीला लावली तर करंट बेअरिंग आणि वायरिंगमधून वाट काढतो.

वेल्डिंग कॉलरवर किंवा जोडलेल्या नळीवर करायचे, जाळीवर नाही. जाळीवर ठिणगी पडली तरी तारा जळतात, म्हणून ओले कापड गुंडाळा. स्टेनलेस फ्लेक्सिबल आणि साधा पाइप यांच्या सांध्याला ३०९एल रॉड किंवा वायर लागते. साध्या रॉडने सांधा जुळलेला दिसतो, पण तापून-थंड होऊन थोड्या काळात चिरतो. वेल्डरकडे ३०९एल नसेल तर दोन रॉड विकत घेऊन जा.

फ्लँजचे तोंड कानसून सपाट करा. पट्टी उभी धरून फट दिसते का पाहा. जुने पॅकिंग खरवडताना ओले ठेवा, जुन्या गाड्यांत त्यात अॅस्बेस्टॉस असू शकते. नवे पॅकिंग कोरडेच बसवा. लाल सिलिकॉन इथे लावू नका; ते साधारण ३०० अंशांच्या आसपास हात टेकते आणि मॅनिफोल्डजवळचे तापमान जोरात चढणाऱ्या गाडीत त्याच्या दुप्पट जाते.

पुढून मागे सगळे नट हाताने, सैलच लावा. हँगर रबरे चढवा. डबा हाताने हलवून कुठे ताण नाही ना ते पाहा. गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, ब्रेकची नळी, इंधनाची टाकी यांपासून निदान बोटभर, शक्यतो २५ मि.मी. अंतर हवे. आणि जीप आहे म्हणून आणखी एक तपासणी: मागचे एक चाक जॅकने उचलून पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) पूर्ण दाबले जाऊ द्या, दुसरे लोंबू द्या, मग बाजू बदला. सपाट जमिनीवर पाइपला न लागणारा अॅक्सल वाटेवर पहिल्याच दगडावर लागतो.

मग पुढून मागे घट्ट करा. तीन बोल्टांचा फ्लँज आळीपाळीने, थोडा-थोडा, म्हणजे पॅकिंग एका बाजूला चिरडत नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तोच घ्या. नसेल तर एम८ ला २० ते २५ आणि एम१० ला ४० ते ४५ न्यूटन मीटर. आट्यांना अँटी-सीझ लावले असेल तर खालचाच आकडा धरा.

पहिली पंधरा मिनिटे धूर आणि वास येईल. तो तेलाचा आणि रंगाचा असतो. त्यानंतर थंड झाल्यावर साबणाच्या पाण्याची तपासणी पुन्हा करा. पॅकिंग तापून बसते, म्हणून दोन-तीन वेळा गाडी तापून पूर्ण थंड झाली की आणि साधारण १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा त्याच टॉर्कवर तपासा, थंडपणीच.

वाटेतच पाइप फाटला तर दुधाच्या पावडरीच्या डब्याचा पत्रा कापून सांध्याभोवती गुंडाळा आणि दोन्ही टोकांना स्टीलचे होज क्लॅम्प आवळा. कोल्ड्रिंकचा कॅन पातळ असतो, मॅनिफोल्डजवळ वितळतो. मागच्या भागात चालेल. सायलेन्सरचा डबा खाली लोंबत असेल तर २ मि.मी. तारेने चॅसीला बांधा. टायरट्यूबची पट्टी पाइपला लागू देऊ नका, पेट घेते. मार्च-एप्रिलमध्ये सड्यावर (उघड्या पठारावर) थांबाल तेव्हा फाटलेल्या सायलेन्सरची गाडी वाळल्या गवतावर उभी करू नका. खाली वाकून पाइपवर अडकलेले गवत आणि पाला काढा, आणि इंजिन थंड होईपर्यंत गाडीजवळच राहा.